एफएम ट्रान्समीटर शेवटी, ऑक्स आधी

ब्लूटूथ नसलेल्या गाडीत फोनवरची गाणी कशी ऐकायची, यावरच्या एका लेखात एफएम ट्रान्समीटर (फोनचा आवाज एफएमच्या लहरींवरून गाडीच्या रेडिओकडे पाठवणारं छोटं यंत्र) पहिला सुचवला आहे. माझ्या मते तो शेवटचा पर्याय असावा. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही आणि शेजारी जोरदार स्टेशन असलं की खरखर ठरलेली. लांबच्या प्रवासात तर रिकामी फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा शोधावी लागते.

आधी रेडिओवर किंवा गिअरजवळ ३.५ मिमीचं ऑक्स सॉकेट (फोनचा आवाज वायरनं रेडिओत घ्यायचं भोक) आहे का ते पाहा. असेल तर साधी वायर पुरते. फोनचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा, उरलेला रेडिओवर वाढवा. उलट केलंत, तर गाण्याबरोबर मागची सूं-सूंही वाढते.

फोन चार्जिंगला लावल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू येते, ती बहुतेक वेळा ग्राउंड लूपची, म्हणजे चार्जर आणि ऑक्स वायर अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्यामुळे येणारी. चार्जर काढून पाहा. शिट्टी थांबली तर कारण तेच. मग ऑक्स वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (ही दुहेरी जोडणी तोडणारा छोटा जोड) लावा. महागडी वायर घेऊन हा आवाज जात नाही, त्यात पैसे घालवू नका.

यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह फॅट३२ या साठवणीच्या पद्धतीत फॉरमॅट करा (आतलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करून). एक्सफॅट किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धती गाडीतले जुने सेट बहुधा ओळखत नाहीत. फ्लॅक या गाण्यांच्या फाइल प्रकाराचंही तेच, म्हणून गाणी एमपी३मध्ये. गाण्यांचा क्रम विस्कटत असेल तर फाइलच्या नावाआधी ०१, ०२ लावा आणि त्याच क्रमानं एकेक कॉपी करा, कारण काही सेट नाव न बघता कॉपीचाच क्रम धरतात.