मोगरा बारमाही नाही, बहुवर्षायू आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या गटांवरून आला. त्यात मोगरा, जास्वंद, अनंत, सोनचाफा, मे फ्लॉवर अशा झाडांची यादी आहे आणि खाली सांगितलंय की ही ‘बारमाही’ झाडं एकदा लावली की बारा महिने फुलतात. छाटणी करायची नाही, रोज दोनदा पाणी घालायचं, आणि दर आठवड्याला एप्सम सॉल्ट आणि वापरलेली चहापूड द्यायची.

घोळ पहिल्याच शब्दात आहे. बारमाही म्हणजे बारा महिने फुलणारं. सदाफुली तशी आहे, जास्वंदही बऱ्याच अंशी. वर्षानुवर्षं जगणारं झाड ते बहुवर्षायू. यादीतली सगळी झाडं बहुवर्षायू आहेत, पण बहुतेक बारमाही नाहीत. हा शब्दांचा कीस नाही, कारण या गैरसमजापायी जिवंत झाडं कचऱ्यात जातात. मे फ्लॉवरला मे-जूनच्या सुमारास लाल चेंडूसारखं फूल येतं, पावसाळाभर पानं राहतात आणि थंडीत ती पिवळी पडून गळतात. कुंडी ओकीबोकी दिसते. गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्याशेजारी अशी एक ‘मेलेली’ कुंडी ठेवलेली होती. माती उकरली तर आत चार टणक कंद निघाले. ते विश्रांती घेत होते, एवढंच.

छाटणी करू नका, हा सल्ला मोगऱ्यासाठी सर्वांत घातक. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यावर येतात. छाटलंच नाही तर जुन्या काड्या लांबत जातात, झाड वेलीसारखं पसरतं आणि फुलं तुरळक येतात. मोगऱ्याची शेती करणारे हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, मग छाटणी करतात, मग खत-पाणी सुरू करतात. घरीही तेच करायचं, जरा हलक्या हातानं. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी निम्म्यावर आणा. जानेवारीत मातीपासून साधारण दीड फुटावर छाटा. वाळक्या, एकमेकींत घुसलेल्या काड्या मुळाशी कापा. वरची माती मोकळी करून दोन मुठी शेणखत घाला आणि पाणी वाढवा. उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रत्येक फुटव्याच्या शेंड्याला कळ्यांचे घोस दिसतील. मात्र दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवंच. सावलीतल्या मोगऱ्याला नुसती पानंच येतात.

आता रोजच्या दोन वेळच्या पाण्याबद्दल. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या लहान कुंडीला ते लागेलही. ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरात त्यानं मुळं कुजतील. आणि फसगत अशी की मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, म्हणून लोक आणखी पाणी ओततात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी नको.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. झाडाची मुख्य अन्नद्रव्यं त्यात नाहीतच: नत्र (नायट्रोजन) नाही, स्फुरद (फॉस्फरस) नाही, पालाशही (पोटॅशियम) नाही. मॅग्नेशियम कमी पडत असेल तरच त्याचा उपयोग. देशावरची काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यात मॅग्नेशियमची सहसा वानवा नसते. तिथे अनंताची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुतेकदा लोह कमी पडतंय असं समजावं, कारण चुनखडीच्या मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. मॅग्नेशियमची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. दर आठवड्याला चमचा-चमचा एप्सम सॉल्ट घालत राहिलं तर मॅग्नेशियम साठून पालाश आणि कॅल्शियम घेण्यात उलट अडथळा येतो.

चहापूड वाईट नाही, पण आपल्या चोथ्यात दूध-साखर असते. तो तसाच कुंडीत टाकला की बुरशी आणि मुंग्या येतात. जास्वंदीवर तर मुंग्या नकोतच: पिठ्या ढेकूण या पांढऱ्या, कापसासारख्या दिसणाऱ्या किडीचा गोड चिकटा त्यांना आवडतो, त्यासाठी त्या त्याची राखण करतात. चोथा धुऊन कंपोस्टमध्ये टाका, तिथे तो सोनं आहे.

सोनचाफ्याबद्दल एकच. बियांपासूनचं रोप फुलायला कित्येक वर्षं घेतं, कलम एक-दोन वर्षांतच फुलू लागतं. रोपवाटिकेत पैसे देण्याआधी बुंध्याशी कलमाचा सांधा दिसतोय का, ते वाकून बघा.