खापरपणजोबांचे चार पब

माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांचे ईस्ट लंडनमध्ये चार पब होते असं सासूबाई आमचं लग्न झाल्यापासून सांगतायत, नावं विचारली की म्हणतात, "एक रेड लायन होता बहुतेक." इंग्लंडात ढिगाने रेड लायन आहेत. पण नवऱ्याला वंशावळीचा नाद लागला आणि जुन्या जनगणनेतलं ते किरटं अक्षर वाचायचं काम आलं माझ्याकडे, का तर म्हणे तुला मोडी येते. अहो, मोडीचा इथे काय संबंध!

आमच्याकडे कसं, त्र्यंबकेश्वरला जायचं, गाव आणि आडनाव सांगायचं, उपाध्ये वही काढतात आणि पणजोबा सहीसकट हजर. इथे १८४१ च्या जनगणनेत हे गृहस्थ चाळीस वर्षांचे आणि १८५१ ला चोपन्न! मला वाटलं धंद्याच्या टेन्शनने माणूस भराभर म्हातारा झाला, तर तसं नाही, १८४१ ला पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची असा नियमच होता, म्हणजे चव्वेचाळीसचा थेट चाळीस. (ही सोय आता का नाही?)

मग डिरेक्टऱ्या. दुकानदारांची नावं, धंदे, पत्ते सगळं छापलेलं, पण आमचे आजोबा त्यात नुसते "बिअर रिटेलर", पबचं नावच नाही. १८३० च्या कायद्यानंतर घरपट्टी भरणारा कोणीही दोन गिनी भरून बिअर विकायला बसू शकत होता, जिन वगैरे कडक माल मात्र बंद. म्हणजे ज्याला घराणं पब म्हणतं ती बहुधा पुढची खोली आणि एक पिंप. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

पत्ते तरी तीन वेगवेगळे मिळाले म्हणून नवरा खूश होता. पण १८५५ ला मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स आलं आणि त्यांनी लंडनभर रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबर बदलायचा सपाटा लावला, आणि जुना नवा नकाशा शेजारी ठेवला तर तीनातले दोन पब म्हणजे एकच घर निघालं, आजोबा जागचे हललेच नव्हते, रस्ताच बदलला होता. चौथ्यावर आजोबांचं नावच नाही, तिथे आजी आहेत, विधवा, बिअर रिटेलर. आधीच्या दोन्ही जनगणनांत त्यांच्या धंद्याचा रकाना कोरा, आणि नवरा गेल्यावर बाई एकदम धंद्यात तरबेज! पिंपं आधी कोण सांभाळत होतं हे मला विचारू नका.

पुण्याला आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ते सगळं ठीक आहे गं, पण ते स्वतः पीत होते का?"

१८५१ च्या जनगणनेत मुका, बहिरा, आंधळा यांच्यासाठी रकाना आहे. पिणाऱ्यांसाठी नाही. तसं तिला सांगितलं तर म्हणाली, "लिहायला जागा पुरली नसती."