नशा उतरली म्हणून विषय संपत नाही

एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. मला तो तीन जणांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: ‘नशेचा आणि पॅनिक डिसऑर्डरचा काही संबंध नाही. ज्याचं काळीज मुळातच कच्चं, त्यालाच पॅनिक अटॅक येतो. गांजा तर नैसर्गिक, उलट डोकं शांत करतो. घाबरलंच कुणी, तर नशा उतरली की विषय संपला. तोवर दोन पेग लावा.’

यातलं ‘विषय संपला’ मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझा मावसभाऊ एकदा मित्रांबरोबर गांजा ओढायला बसला. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरणार, अशी त्याची खात्रीच झाली. दोन-तीन तासांत सगळं उतरलं. नऊ दिवसांनी तो लिफ्टमध्ये उभा होता, त्या दिवशी कशाला हातही लावला नव्हता, आणि तेच सगळं पुन्हा झालं. त्यानंतर जेवताना, बोलताना, टीव्ही बघतानासुद्धा त्याची दोन बोटं मनगटावर असायची. सतत नाडी मोजणं चालू. लिफ्ट सुटली, मग जिनाही सुटला, कारण जिना चढलं की धडधडतं.

घबराटीचा असा एखादा झटका, म्हणजे पॅनिक अटॅक, आला म्हणजे आजार जडला असं होत नाही. अटॅक ध्यानीमनी नसताना पुन्हापुन्हा येतात, आणि निदान महिनाभर पुढच्या अटॅकची धास्ती राहते किंवा त्यापायी माणसाचं वागणं बदलतं, तेव्हा डॉक्टर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये याची जी उकल केली, ती मला अजूनही सगळ्यात पटते. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर म्हणजे आता कोसळणार, असा माणूस शरीरातल्या खुणांचा भलताच अर्थ लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. भावाला ती पहिली धडधड गांजाने दिली. पुढचं चक्र चालायला गांजाची गरज उरली नाही.

आता ‘नैसर्गिक आहे, डोकं शांत करतो’. धोतराही नैसर्गिकच आहे. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, थोडं असेल तर बऱ्याच जणांना सैल वाटतं, हे मी नाकारत नाही. जास्त झालं की तेच उलटतं. शिकागोतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये निरोगी लोकांना टीएचसी देऊन ताणाच्या प्रसंगात बसवलं. ७.५ मिलिग्रॅमने ताण कमी झाला, १२.५ मिलिग्रॅमने मनःस्थिती आणखी बिघडली. फरक फक्त ५ मिलिग्रॅमचा. जॉइंट ओढणाऱ्याच्या हातात असलं कुठलं माप असतं? शिवाय आजचा माल पूर्वीचा नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये सुमारे १२ टक्के. खाण्यातून घेतलं तर असर व्हायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘चढलंच नाही’ म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो आणि मग दोन्ही एकदम चढतात.

‘काळीज कच्चं’ या शब्दांचा मला राग येतो. आनुवंशिक कल असतो, हे खरं. पण कल असणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. शिरेतून सोडियम लॅक्टेट देऊन किंवा कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगवून डॉक्टरांनी या रुग्णांमध्ये प्रयोगशाळेत अटॅक आणून दाखवलेत. बऱ्याच रुग्णांना चार-पाच कप कॉफीइतकं कॅफीनही पुरतं. तिथे धैर्याचा काय संबंध? कोकेनने सुरू झालेले अटॅक कोकेन सोडल्यावरही चालू राहिले, असे रुग्ण १९८०च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले. सगळ्यांचं असं होत नाही. काही जण आधीपासूनच घाबरे असतात आणि ती घबराट दाबायला नशेकडे वळतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण त्यावरून ‘काही संबंध नाही’ म्हणणं खोटं आहे. नशेत किंवा नशा सोडताना उद्भवणाऱ्या चिंताविकाराला मानसोपचारात स्वतंत्र निदानच आहे.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. कोकेन घेतल्यावर छातीत दुखत असेल, तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसू नका. पहिल्या तासात हार्ट अटॅकचा धोका सुमारे २४ पट वाढतो. लगेच हॉस्पिटल गाठा आणि काय घेतलंय ते खरं सांगा.

दोन पेग म्हणजे आगीतून फुफाट्यात. दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज घेतली की मेंदू तो ब्रेक धरून चालतो आणि आपला वेग वाढवतो. दारू उतरते तेव्हा ब्रेक सुटतो, वेग तेवढाच राहतो. पहाटे तीनला छाती धडधडून जाग येते ती त्यामुळे. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचंही बरंचसं असंच. मात्र त्या रोज घेत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. औषधं आहेत. थेरपीत तर मुद्दाम खुर्चीवर गरागरा फिरवून चक्कर आणतात, बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात. त्या खुणा येतात, जातात, आणि काही होत नाही, हे शरीराला कळू देतात. भावाला हे सगळं मिळालं, पण फार उशिरा. ‘कच्च्या काळजाचा’ म्हणतील या लाजेने दोन महिने तो डॉक्टरांसमोर गांजाबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. तोवर त्याचा ईसीजी तीनदा काढून झाला होता आणि तिन्ही वेळा नॉर्मल आला होता.