जुनी गाडी घेताय? ट्रायल मागच्या सीटवर बसून घ्या

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात जुनी गाडी बघायला चारजण गेले की पहिला प्रश्न ठरलेला: "ॲव्हरेज किती देतंय?" दुसरा, "टायर किती टक्के हाईत?" आणि तिसरा, नंबर कुठला, बेळगावचा केए-22 का कोल्हापूरचा एमएच-09. एवढं झालं की मालक चावी देतो, घेणारा स्टेअरिंगवर बसतो, काँग्रेस रोडवरून एक फेरी मारून येतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. मागच्या सीटवर कुणी बसलेलंच नसतं. पुढची पाच-सात वर्षं तिथं आई बसणार, सासरे बसणार, शाळेतली पोरं बसणार. त्यांना ती गाडी सोसणार का, हे कुणी बघत नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी त्या ॲव्हरेजचा हिशेब करू. घरची एकच छोटी गाडी, बाजारहाट, लग्नकार्य, महिन्यातून एकदा गाव, असं धरलं तर वर्षाला 8,000 किलोमीटर पुष्कळ झाले. एक गाडी लिटरला 20 देते, तिला 400 लिटर लागतात. दुसरी 16 देते, तिला 500. फरक 100 लिटरचा. आज पेट्रोल शंभरीच्या वर आहे, म्हणजे वर्षाला दहा हजार आणि वर थोडे; महिन्याला साडेआठशे-नऊशे. आणि हा 20 आणि 16 मधला फरक मोठा धरलाय. एकाच वर्गातल्या दोन पेट्रोल गाड्यांत तो बऱ्याचदा दोन किलोमीटरच्या आतच असतो. रोज निपाणीहून कोल्हापूरला अप-डाऊन करणाऱ्याचं गणित वेगळं, त्यानं ॲव्हरेज बघावंच. पण रविवारची गाडी घेणारे सुद्धा त्याच एका आकड्यावर अडून बसतात.

त्यातून तो आकडा आणतात कुठून? ब्रोशरमधून. 2012 ची अल्टो 800 आली तेव्हा 22.74 लिहिलेलं, 2016 ची टियागो पेट्रोल 23.84. हे आकडे खोटे नव्हेत, पण चाचणी लॅबमध्ये रोलरवर होते. तिथं ना जांबोटीचे खड्डे, ना उसाच्या ट्रॉलीमागं सेकंड गिअरवर रेंगाळणं. शिवाय आता पेट्रोलच बदललंय. वीस टक्के इथेनॉल आहे त्यात, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल आपल्याच उसातून निघतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, ते मला मान्यच आहे. पण दहा वर्षं जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरणारच. म्हणून "माझी पूर्वी बावीस द्यायची" या वाक्यावर आज गाडीची किंमत ठरवू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातली. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहे. चोर्ला घाटातून गोव्याला उतरताना कुठलीही गाडी भारी ॲव्हरेज दाखवते. तोच माणूस घाट चढून परत येताना मीटरकडं बघत नाही. "गोव्याला जाताना चोवीस दिलं" असं कुणी सांगितलं तर येतानाचं विचारा. खरं ॲव्हरेज काढायचं तर एकाच पंपावर टाकी फुल्ल करा, जाऊन-येऊन चार-पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करा आणि भागाकार करा. गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून तिथं भरून घेतलं तर तेही लिटर हिशेबात धरा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा वाढवूनच येतो.

आता मागच्या सीटकडं येऊ.

छोट्या गाडीत मागं हादरे जास्त का बसतात, याचं कारण साधं आहे. अल्टोसारखी गाडी सातशे-साडेसातशे किलोची. तिच्यात पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की चारशे किलो वाढले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. एवढ्या ओझ्याला गाडी बसू नये म्हणून मागची स्प्रिंग कडक ठेवावी लागते. मग आत दोघंच असले की तीच स्प्रिंग दबत नाही आणि खड्डा थेट कमरेला लागतो. मोठ्या गाडीत रिकामं आणि भरलेलं यातला फरक वजनाच्या मानानं कमी असतो, म्हणून तिथं हा त्रास कमी. शिवाय छोट्या गाडीत मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच येते.

माझ्या आईच्या मणक्याचं दुखणं आहे. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना ती दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून किंचित उठून बसते, हंप दिसला की आधीच श्वास धरते. गाडीतलं बाकी कुणी काही बोलत असलं तरी तिचं लक्ष रस्त्यावर. उतरल्यावर विचारलं तर "बरं होतं की रे" म्हणते. आपल्याकडची वडीलधारी माणसं तक्रार करत नाहीत. त्यांच्या हाताकडं बघा, बोलण्यावर जाऊ नका.

गाड्यांबद्दल माझं मत सांगतो. मी उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये आहे, गाड्यांचा धंदा नाही, पण घरच्या आणि मित्रांच्या बऱ्याच गाड्या याच रस्त्यांवर चालवल्यात आणि मागं बसूनही गेलोय.

अल्टो 800 पेट्रोल कमी पिते, दुरुस्ती कुठल्याही गावात होते, पहिली गाडी म्हणून तिला नावं ठेवणार नाही. पण चाक 12 इंची. छोटं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि धक्का वर देतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन लांब जायला ती नको. जुनी वॅगन आर याच्या उलट कारणासाठी आवडते: सीट उंच, गुडघेदुखीच्या माणसाला खाली वाकावं लागत नाही, सरळ बसता येतं. घाटाच्या वळणावर मात्र ती झुकते, मागच्यांना मळमळतं. आय10 शहरात मऊ, इंजिन चार सिलिंडरचं आणि शांत. टिळकवाडी-शहापूर फिरायला फार चांगली. हायवेला ऐंशीच्या पुढं लाटांसारखी वरखाली होते. जुनी स्विफ्ट पळवायला मजबूत, रस्ता धरते, पण मागची खिडकी लहान आणि बसण थोडी खोल. वयस्कर माणसाला आत कोंडल्यासारखं होतं. रिट्झकडं लोक दिसण्यामुळं बघत नाहीत, म्हणून ती वापरलेल्यांत स्वस्तात मिळते. पेट्रोलमध्ये 1.2 लिटरचं स्विफ्टच्याच घराण्यातलं इंजिन, सीट उंच. माझ्या मते आपल्या भागाला ती फार शोभते.

रस्ता गिळण्याच्या बाबतीत मात्र फोर्डची जुनी फिगो, फियाटची पुंटो आणि टाटाची टियागो या तिघी पुढं. एक कारण वजन, दुसरं कारण पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर. अल्टोत ते 2360 मिलिमीटर, 2010 च्या फिगोत 2489, पुंटोत 2510. अंतर वाढलं की हंपावरून जाताना पुढं-मागं झुलणं कमी होतं. पुंटो पेट्रोल ॲव्हरेजला मार खाते आणि पार्टसाठी फिरवते, म्हणून ती हौसेनं सांभाळणाऱ्यानंच घ्यावी. टियागोचं इंजिन तीन सिलिंडरचं, सिग्नलला उभी असली की स्टेअरिंगला बारीक कंप जाणवतो. पण चालू लागली की खराब रस्त्यावर ती आपल्या किमतीतल्या बऱ्याच गाड्यांपेक्षा शहाण्यासारखी वागते.

आता आवाज. याकडं तर कुणीच लक्ष देत नाही. "सायलेंट हाय बगा" म्हणून मालक गाडी उभी ठेवून चालू करतो. उभ्या गाडीत कळतं ते फक्त इंजिन. साठच्या आसपास टायरचा आवाज वर येतो, नव्वदच्या पुढं वाऱ्याचा. म्हणून ट्रायल हायवेला न्या, वंटमुरी घाटापर्यंत तरी जाऊन या. काचा बंद, एसी एकवर, गाणी बंद. मागं बसलेल्याशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. ओरडावं लागत असेल तर दोन तासांनी डोकं दुखणार. थकवा खड्ड्यांइतकाच या सतत घुमणाऱ्या आवाजानंही येतो.

आवाज कुठला हे ओळखता आलं पाहिजे, कारण काही आवाज गाडीचे असतात आणि काही फक्त झिजेचे. साठच्या वेगात, रस्ता सरळ आणि मोकळा बघून, गाडी न्यूट्रल करा. घुमणं गेलं तर ते इंजिनकडचं. तसंच राहिलं आणि वेगाबरोबर कमी-जास्त झालं, तर टायर किंवा व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते. मग मोकळ्या जागेत हलकं डावी-उजवीकडं वळवा. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग गेलंय. आमच्या मेस्त्रींनी एकदा गाडी जॅकवर घेऊन मला हात लावायला सांगितला होता. एका हातानं चाक फिरवायचं आणि दुसरा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चांगल्या बाजूला हाताला काहीच कळत नाही. खराब बाजूला स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागते. "अण्णा, कानापेक्षा हात खरं सांगतंय," असं ते म्हणाले. रोज बेअरिंगमध्ये काम करणाऱ्या मलाही ते शंभर टक्के पटलं.

टायरवर चार आकडे असतात, तेही वाचा. 2319 असेल तर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं, आवाज वाढतो आणि पावसात पकड जाते. खानापूरकडचा पाऊस माहीत आहे तुम्हाला. टक्क्यांपेक्षा तारीख बघा. हवेचंही तसंच. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस पीएसआय हवा भरून मोकळा होतो. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीचा आकडा असतो, तेवढीच भरा. नुसत्या त्यानंही मागचे हादरे कमी झालेले मी पाहिलेत.

एक मोठा आधार असा की बसण्याचं सुख बऱ्याच अंशी दुरुस्त होतं. शॉकअप (हादरे जिरवणारे), लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, दाराचं रबरी बीडिंग हे सगळं झिजणारं सामान आहे. हंपावरून उतरल्यावर गाडी एकदा दबून सरळ झाली पाहिजे. दोन-तीन वेळा डुलली तर शॉकअप गेलेत. तो खर्च मेस्त्रीकडून आधी काढून घ्या आणि किमतीतून वजा करायला लावा. मालक ॲव्हरेजवर घासाघीस करू देणार नाही, शॉकअपच्या कोटेशनवर करू देतो.

गोव्याची गाडी स्वस्त मिळते, पण मॅट उचलून पत्रा बघा, खारी हवा आतून खाते. आणि एमएच किंवा जीए नंबरची गाडी इथं बारा महिन्यांवर ठेवायची तर जुन्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं आलं. स्वस्ताई बऱ्याचदा तिथंच संपते.

आमच्या चुलत भावाचं सध्या दोन गाड्यांवर अडलंय: 2013 ची फिगो पेट्रोल आणि 2017 ची टियागो पेट्रोल. दोन्हींत काका-काकूंना मागं बसवून आम्ही सुळग्यापर्यंत जाऊन आलो. काकूंना फिगो आवडली, झोपच लागली त्यांना. मलाही तीच बरी वाटली, पण फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचं जाहीर केलं आणि पुढं पार्टचं काय ही धाकधूक आहे. ज्यांच्याकडं बेळगाव, चिकोडी, गडहिंग्लज भागात जुनी फिगो अजून चालू आहे त्यांनी कृपा करून लिहा: मागचे शॉकअप आणि लोअर आर्म गावात मिळतात का हुबळी-कोल्हापूरहून मागवावे लागतात, आणि किती दिवस लागतात? रविवारी त्याला टोकन द्यायचंय.