खुलासा: कॉफी हाउसचे वेटर सरकारी नोकर नाहीत

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘इंडियन कॉफी हाउस सरकारी, फेटेवाले वेटर सरकारी नोकर, आणि कॉफी म्हणजे घोटलेली इन्स्टंट.’ सरकारी होतं ते पूर्वीचं, कॉफी बोर्ड या सरकारी मंडळाचं कॉफी हाउस. ते बंद पडल्यावर कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७पासून सहकारी संस्था काढल्या. इकडचं कॉफी हाउस जबलपूरच्या संस्थेचं. म्हणजे वाढपीच मालक!

इन्स्टंटचं तर साफ चूक. कॉफी फिल्टरची. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. तळाला बारीक भोकं असलेल्या वरच्या भांड्यात ३ चमचे पूड, त्यावर पूड दाबायची चकती, मग १५० मिली कडकडीत पाणी. १५-२० मिनिटांत अर्क उतरतो. पूड फार बारीक किंवा चकती जोरात दाबलेली असली, की भोकं बुजतात. अर्क पुन्हा उकळला की कडवट होतो, म्हणून गरम करायचं ते दूधच.