राणीछापाचा पाचवा ठिपका

आमच्या देवघरात आजोबांच्या वेळेपासूनचा एक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, 1862 सालचा रुपया आहे. दर लक्ष्मीपूजनाला आई तो दंतमंजनाने घासते, त्याला हळदकुंकू वाहते आणि पुन्हा मखमली पिशवीत ठेवून देते. या रुपयाला जगन्मान्यता मिळवून द्यावी अशी दुर्बुद्धी मला गेल्या मे महिन्यात झाली, आणि ती न्यू जर्सीतल्या भाच्याने दिली. त्याने सांगितले की संग्राहक आपले संच एका नोंदवहीत चढवतात, तिच्या एकेका कप्प्यात तपासणी कंपनीने पारखून प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद केलेले नाणे भरतात, त्याबद्दल गुण मिळतात आणि जगात आपला कितवा क्रमांक लागतो हे घरबसल्या कळते.

नोंदवहीत संच दोन प्रकारचे होते. साध्या संचात 1862 साठी एकच कप्पा होता. 'व्हरायटींसह', म्हणजे नाण्याच्या बारीकसारीक उपप्रकारांसह, असलेल्या संचात मात्र त्या एका सालाची अशी काही चाळ उभी राहिली होती की कोणती खोली आपली, हेच कळेना.

याला कारण सरकार. रुपयावर 1862 हे साल छापायला सुरुवात झाली आणि 1874 पर्यंत तेच साल छापत राहिले. (1 जून ही निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख असल्यामुळे मला या प्रकाराचे फारसे नवल वाटले नाही.) रुपया खरोखर कोणत्या वर्षी पाडला हे टाकसाळीतल्या माणसांना तरी कळावे म्हणून मुंबईच्या टाकसाळीने बारीक ठिपक्यांची युक्ती काढली. पुढे अभ्यासकांनी राणीच्या पोशाखावरील नक्षी पाहून मुखवट्यांना अक्षरे दिली, मागच्या बाजूच्या वेलबुट्टीला रोमन आकडे दिले आणि ठिपके मोजून त्यांचीही भर घातली. एवढे सगळे जुळले म्हणजे व्हरायटी ठरते. पण ती ठरली तरी नोंदवहीत तिच्यासाठी कप्पा असेलच असे नाही, आणि कप्पा नसेल तर हा दुर्मीळ रुपया साध्या रुपयांच्या पंक्तीला बसतो. शिवाय नोंदवही नाण्याकडे पाहतच नाही. प्लॅस्टिकच्या डबीवरील कंपनीच्या चिठ्ठीत जे लिहिले असेल तेच खरे.

मी भिंग आणले आणि खिडकीपाशी बसलो. चार ठिपके स्पष्ट दिसले. पाचवा मात्र जरा तांबूस होता आणि बाकीच्यांपेक्षा थोडा फुगीरही. तीन रात्री मी त्या पाचव्या ठिपक्यावर काढल्या, बायकोचे मत घेतले, शेजारच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांचेही घेतले. चौथ्या दिवशी आईने चष्मा न लावताच निकाल दिला : "अरे, कुंकू आहे ते. गेल्या दिवाळीचं."

आता कुंकू काढल्याशिवाय ठिपके निश्चित होत नाहीत आणि काढायला जावे तर नाणे 'घासलेले' ठरते. घासलेल्या नाण्याला दर्जाचा 70 पैकी अंक मिळत नाही, अस्सल असल्याचा नुसता शेरा मिळतो, आणि शेऱ्यावर माझ्या नोंदवहीचा कप्पा उघडत नाही. हे ऐकून आई म्हणाली, "मी पन्नास वर्षं घासतेय की!" तिच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता.

तरीही निदान तपासणीसाठी तो भाच्याकडे पाठवावा म्हटले, तर 1972 चा पुरावशेष कायदा आडवा आला. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे असे खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. ज्या रुपयाची दंतमंजनातून सुटका झाली नाही, त्याची देशातूनही होणार नव्हती.

शेवटी मी दोनशे पानी वही आणून माझी स्वतःची नोंदवही उघडली. पहिल्या कप्प्यात लिहिले : '1862, मुंबई, ठिपके चार, कुंकू एक.' ही व्हरायटी जगात एकमेव असल्याने माझा संच अर्थातच पहिला आला. पुढच्या लक्ष्मीपूजनाला आईने रुपया नेहमीप्रमाणे लख्ख घासला, ओल्या बोटाने हळद लावली, वर कुंकू लावले आणि ताम्हनात ठेवला. आरती झाल्यावर मी भिंग घेऊन वाकलो. तांबूस ठिपका आता सालाच्या दुसऱ्या बाजूला गेला होता आणि त्याच्या शेजारी एक पिवळा आला होता. मी दुसरा कप्पा आखला.