‘तीन महिन्यांत फक्त दीड किलो’ या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या व्यायामकेंद्राला दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी आणि माझ्या सहकारी प्रशिक्षिकांनी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे : डॉक्टरांनी मधुमेहामुळे आईला वजन कमी करायला सांगितले, म्हणून आपण त्यांचे नाव आमच्याकडे घातले, जिमच्या दुप्पट फी भरूनही तीन महिन्यांत वजन फक्त दीड किलोने उतरले, हॉलमध्ये वजनकाटा नाही, आरसे नाहीत, प्रशिक्षिका सारखे ‘सावकाश’ म्हणतात, डाएट चार्ट देत नाहीत आणि फोनवर विचारले तर आईच्या नोंदीही सांगत नाहीत, थोडक्यात, हा ‘लठ्ठपणाला गोंजारण्याचा’ प्रकार आहे. असेच प्रश्न इतर घरांतही पडत असणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आपल्या आईंविषयीचा, म्हणजे आमच्या काकूंविषयीचा, यातला मजकूर त्यांना आधी वाचायला दिला होता आणि त्यांच्या संमतीनेच तो येथे ठेवला आहे.

नोंदींचा मुद्दा आधी घेते. फी कोणीही भरली, तरी सभासदाचे वजन, रक्तदाब आणि साखरेचे आकडे हे त्या सभासदाचेच असतात. मुलगा, नवरा, सासू यांपैकी कोणालाही आम्ही ते परस्पर सांगत नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या वजनावर घरात रोज चर्चा होत असते आणि त्या चर्चेपासून दूर असलेला दिवसातला एक तास त्यांना येथे मिळतो. तो आम्ही जपणार.

आता वजनाविषयी. वजन उतरल्याने मधुमेह आटोक्यात येऊ शकतो, हे मला पूर्णपणे मान्य आहे. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वजन कमी करण्याच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्यांपैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षभरात औषधांशिवाय मर्यादेत आला होता. परंतु ते साधले कशाने, हेही पाहिले पाहिजे. त्या रुग्णांना सुरुवातीचे काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा ठरावीक आहार वैद्यकीय देखरेखीखाली दिला होता आणि मधुमेहाची औषधे सुरुवातीलाच थांबवली होती. असा आहार व्यायामकेंद्राने छापील तक्त्यावर लिहून द्यायचा नसतो, विशेषतः सभासद मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल तेव्हा. म्हणून आम्ही डाएट चार्ट देत नाही आणि डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगतो. नाव नोंदवताना दिलेल्या माहितीपत्रकात हे लिहिलेले आहे.

व्यायामाचे काम निराळे आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यासाठी त्या वेळी त्याला इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावे लागत नाही. नियमित व्यायामाने हा फायदा टिकतो. मधुमेहींच्या व्यायामाविषयीच्या १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा) इतरांच्या तुलनेत सरासरी ०.६६ टक्के अंकांनी कमी आढळले आणि दोन्ही गटांच्या वजनांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. केवळ काट्याकडे पाहिले असते, तर त्या सर्वांचा व्यायाम वाया गेला असेच म्हणावे लागले असते. काकूंचे दीड किलो उतरले याचेही श्रेय मी घेणार नाही, कारण आम्ही किलोंचे आश्वासन कोणालाच देत नाही.

पुण्यात राहून वजनाच्या आकड्यावर इतका विश्वास ठेवणे मला नेहमीच आश्चर्याचे वाटते. आपल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, अगदी सारखा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसालाही मधुमेहाचा धोका का असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. दिसण्यावरून आणि काट्यावरून आरोग्य ठरवू नये, ही भूमिका आम्ही कोणाची समजूत घालण्यासाठी घेतलेली नाही.

आता आरसे आणि काटा. काटा आतल्या खोलीत आहे; मागेल त्याचे वजन तेथे केले जाते आणि ते मोठ्याने वाचले जात नाही. आरसे मुद्दाम लावलेले नाहीत, कारण पाठ सरळ आहे का आणि गुडघा कुठे जातो आहे हे पाहणे प्रशिक्षिकेचे काम आहे. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कोठेतरी जिम लावून सोडलेली असते. पहिला प्रश्न ‘किती कमी करायचंय?’ हाच, बाक इतका अरुंद की मांड्या मावत नाहीत, ट्रेडमिलवर छापलेली वजनमर्यादा वाचून मागे फिरावे लागते, शेजारी कोणीतरी रीलसाठी मोबाइल उभा करून ठेवलेला असतो, आणि पहिल्याच दिवशी इतक्या बैठका मारायला लावतात की पुढचे तीन दिवस जिना उतरवत नाही. असा माणूस परत जात नाही आणि घरचे म्हणतात की त्याला चिकाटी नाही. लाज वाटली की माणूस हालचाल करतो, असे आपण सूचित केले आहे. माझा या कामातला अनुभव नेमका उलटा आहे : लाज वाटली की माणूस घरी बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हे आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे करायचे असते. त्यासाठी जागा अशी हवी की उद्या पुन्हा यावेसे वाटेल. तालमीत थोराड अंगाच्या पैलवानालाही मानाने आखाड्यात उतरवतात. तो मान आमच्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या गृहिणीला का मिळू नये?

‘सावकाश’ म्हणण्यामागेही कारणे आहेत. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली येऊ शकते, म्हणून आम्ही आधी ग्लुकोमीटरवर तपासायला लावतो आणि हाताशी साखर ठेवतो. पायाला जखम आहे का, बूट घासतो आहे का, हे पाहतो. रक्तदाब असलेल्या माणसाने श्वास रोखून वजन उचलले तर दाब झटकन वर जातो, म्हणून उचलताना श्वास सोडायला शिकवण्यात सुरुवातीचे काही दिवस जातात. ते शिकल्यानंतर वजन वाढतेच. काकूंनी रबरी पट्ट्यापासून सुरुवात केली होती. आता त्या डंबेल घेऊन बैठका मारतात. एका वेळी एका प्रशिक्षिकेकडे एकच सभासद असतो, हे फी जास्त असण्याचे एकमेव कारण आहे.

काकूंनी पहिल्या दिवशी दोन गोष्टी मागितल्या होत्या, त्या त्यांच्याच इच्छेने सांगते. जमिनीवरून उठताना कोणाचा हात धरावा लागू नये आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या मध्ये न बसता चढता याव्यात. आमच्याकडे प्रत्येकाची ३० सेकंदांची एक चाचणी होते : हात छातीशी धरून खुर्चीतून किती वेळा उठता येते. सुरुवातीला काकूंना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नव्हते. आता त्या न टेकता सलग उठतात. जमिनीवरून उठताना अजून गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, परंतु दुसऱ्याचा हात लागत नाही. पर्वतीवर त्या अजून अर्ध्यावर एकदा थांबतात. हे काम चालू आहे.

यापुढे वजन कमी करणे हेच मुख्य उद्दिष्ट असावे, असे स्वतः काकूंना वाटत असेल, तर त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार आम्ही व्यायाम तसा आखू. एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे आता ती तपासणी करून घेणे योग्य होईल. मी शनिवारी सकाळी ११ नंतर केंद्रावर असते, काकूंसोबत या. व्यायाम बंद करायचा झाल्यास उरलेल्या महिन्यांची फी त्याच दिवशी परत मिळेल. मात्र तो निर्णय काकूंनी स्वतः सांगावा, एवढी विनंती आहे.

आपली,
केंद्रसंचालिका